बाँडचं वरीस

माझं नाव मुमताज, पण त्या नावानं हाक मारणारं आता कोणी राहिलं न्हाई. शिरूरात मी गादीवाल्याची भाभी, आन् तिकडं दौंड तालुक्यातल्या एका गावात डॉक्टरबाईंची अम्मी. माहेर माझं निमोणं. बाप लोकांच्या रानात पाणी धरायचा, आई खुरपायला जायची, आम्ही चार बहिणी आन् एक भाऊ. पुण्याची माणसं दुकानात आली की मला विचारत्यात, भाभी तुमचं मराठी इतकं चांगलं कसं, आता काय सांगू तुम्हाला, मग आम्ही बोलावं तरी काय, घरात हिंदी बोलतो तीबी अशी की युपीच्या माणसाला कळत न्हाई. शाळा सातवीपर्यंत झाली. पुढं शाळंला दुसऱ्या गावाला जावं लागायचं, तेवढ्या लांब पोरीला कोण धाडणार, मग बसले घरी. रडले-बिडले न्हाई मी, तवा सगळ्याच पोरी बसायच्या.

लग्न होऊन घोडनदीला आले, म्हंजी शिरूरच, जुनी माणसं घोडनदीच म्हणत्यात. सासरचा धंदा कापूस पिंजायचा आन् गाद्या भरायचा. पुढच्या खोलीत मशीन, मागं आम्ही. कापसाची बारीक रुई सगळ्या घरात उडायची, भाकरीवर, दुधावर, पोरांच्या पापण्यांवर. मालक, म्हंजी माझा नवरा, पिंजायचे, मी खोळी शिवायची आन् दाभणानं टाके घालायची. आमच्या पोरांचे अब्बा म्हंजी बोलायला लई आवडणारा माणूस. तोंडाला फडकं बांधून मशीनवर बसले तरी फडक्यातनं बोलणार. मधी फोमच्या गाद्या आल्या तवा वाटलं आता संपलं आपलं, पण रांजणगावला कंपन्या वाढल्या, बिहारची, युपीची पोरं आली, एका खोलीत आठ-आठ जण. ती यायची, चाची, पतली वाली गद्दी देना, गाँव जायेंगे तो फेंक के जायेंगे. त्या पतल्या गाद्यांवर आमचं घर चाललं बघा.

मला दोन पोरं. मोठा सलीम, आता दुकान तोच बघतो, आन् धाकटी यास्मिन. यास्मिन लहानपणापासनं हट्टी. चिडकी न्हाई, हट्टी. एखादी गोष्ट न्हाई म्हणली की हसत हसत न्हाई म्हणायची, त्यामुळं मारताबी यायचं न्हाई. जिल्हा परिषदेची शाळा, मग हायस्कूल, दहावीला चांगले मार्क पडले तवा तिचे विज्ञानाचे गायकवाड सर स्वतः दुकानात आले. गादी घ्यायला आले वाटलं मला. ते म्हणले रहीमभाई, हिला सायन्सला घाला, ही डॉक्टर होईल. मालक म्हणले, सर, बसा तर खरं आधी.

बारावी झाली, ती नीटची परीक्षा झाली, आन् मार्क असे पडले की सरकारी कॉलेजला थोडक्यात हुकलं, पण खाजगी कॉलेज मिळत होतं. त्याची फी ऐकली तवा मला आधी वाटलं सगळ्या वर्षांची मिळून सांगत्यात, तर ती एकाच वर्षाची होती. मालक मात्र हटंना. म्हणायचे दुकानाची जागा इकू, पोरगी हुशार हाय. सलीमचं सगळं आयुष्य त्या जागंवर होतं, पण बहिणीच्या आड आला न्हाई तो. आन् यास्मिन हसत हसत म्हणली, अब्बा, जागा इकून मी डॉक्टर झाले तर पहिल्या पेशंटला बघताना मला त्याच्या खिशाकडंच बघावं लागंल. मी परत परीक्षा देते. एक वरीस घरात बसून अभ्यास केला तिनं, मशीनच्या आवाजात. कानात कापूसच घालून बसायची, आमच्याकडं त्याची काय कमी.

दुसऱ्या वर्षी सरकारी कॉलेज मिळालं. लांब होतं, गाडीत दिवस जायचा. ॲडमिशनला आम्ही तिघं गेलो. तिथल्या क्लार्कनं फी सांगितली तवा मालकांना खरं वाटंना, त्यांनी परत विचारलं, परत तोच आकडा. मग ते म्हणले साहेब, एवढ्यात डॉक्टर होतोय व्हय? बाकीचं कोण भरतं? क्लार्क काही वाईट माणूस न्हवता, मागं एवढी लाईन असताना हसून म्हणला, चाचा, बाकीचं लोक भरत्यात. मालकांनी मागं वळून लाईनकडं बघितलं. खरंच बघितलं, मला अजून त्यांचं ते तोंड आठवतं, कोण भरतंय माझ्या पोरीचं म्हणून. तवा क्लार्क म्हणला, ते लोक न्हाई हो चाचा, सगळेच. कोणी साबण घेतला, कोणी डिझेल घेतलं, त्यात टॅक्स असतो, तो सरकारात जातो, त्यातनं हे कॉलेज चालतं. आन् म्हणूनच इथं एक सही करा. ती बाँडची सही. शिकून झालं की एक वरीस सरकार सांगंल तिथं जायचं, न्हाई गेलं तर दंड भरायचा. लाखांत होता दंड. यास्मिननं वाचून सही केली. आम्हाला तवा पुढचं एवढं लांब दिसतच न्हवतं.

पण मालकांच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. शिरूरला आल्यावर दुकानात जो येईल त्याला सांगायचे, माझी पोरगी तुमच्या पैशावर डॉक्टरकी शिकती. गिऱ्हाईक दचकायचं, माझ्या पैशावर? मी कवा दिले? मग हे समजावून सांगणार, साबण, डिझेल, काडीपेटी, आन् वर चहा पाजणार. बाजाराच्या दिवशी तर तालुक्यातली माणसं यायची, तळेगावची, न्हावऱ्याची, सगळ्यांना चहा. मी म्हणायची अवो, पोरीची फी कमी हाय पण तुमचा चहाच भारी पडंल. काही जण चेष्टा करायचे, रहीमभाई, मग आमच्या पैशाची डॉक्टर आम्हाला फुकट तपासंल का? हे अगदी गंभीर होऊन म्हणायचे, तपासंल, का न्हाई तपासणार? आन् बिहारच्या पोरांना सांगायचे, तुम्हारे पैसे से भी पढ़ती है. ती पोरं एकमेकांकडं बघायची. एक जण मला म्हणला, चाची, हम तो सिर्फ गद्दी लेने आये थे.

शिक्षणाची वर्षं गेली. पोरगी सुट्टीला यायची, वाळलेली, डोळ्याखाली काळं, पण खूश. मग डॉक्टर झाली. गल्लीत पेढे वाटले आम्ही. आन् त्याच महिन्यात पुण्याहून स्थळ आलं.

आता हे नीट सांगते, कारण ती माणसं चांगली होती, त्यांना नावं ठेवायची न्हाईत मला. मुलगा डॉक्टर, दिसायला देखणा, परदेशात हॉस्पिटलमधी नोकरी लागलेली, लग्न करून बायकोला घेऊन जाणार. त्याची आई माझ्या स्वयंपाकघरात माझ्या शेजारी खाली बसली, पाटबी घेतला न्हाई. म्हणली बहन, तुमच्या पोरीला मी पोरीसारखी ठेवीन. आमच्यासारख्या पिंजाऱ्याच्या घरात असं स्थळ! फक्त बाँडचं तेवढं होतं. तर ती बाई म्हणली त्याची फिकीर करू नका, दंड आम्ही भरू. आम्ही म्हंजी कोणी हुंडा घेणारी माणसं न्हाई, उलट आम्हीच भरू. मी मालकांकडं बघितलं. एरवी एवढं बोलणारा माणूस, पण त्या दिवशी नुसते टोपी काढायचे, घालायचे.

पाहुणे गेल्यावर यास्मिन म्हणली अम्मी, पोरगा चांगला हाय, मला आवडलाबी. एक वरीस थांबत असतील तर मी हो म्हणते. मी म्हणलं त्याची नोकरी थांबती का, आन् थांबायचं कशाला, दंड भरत्यात ना ते? सरकारचे पैसे सरकारला परत गेले, हिशोब मिटला. तर ती म्हणली, अम्मी, पैसे परत जातील, पण ज्या गावात मला पाठवणार होते तिथं कोण जाणार? तिथल्या माणसांनी दंडाची पावती बघायची का? मी म्हणलं दुसरं कोणी तरी जाईल. ती म्हणली, दुसऱ्याबी अम्मी असंच म्हणत असतील.

लई भांडले मी. मी म्हणलं तू आम्हाला शिकवायला लागलीस, मी म्हणलं पोरीच्या जातीला वय वाट बघत न्हाई, काय काय बोलले. मालकांना म्हणलं तुम्ही तरी सांगा तिला. ते म्हणले, अगं, मी सगळ्या तालुक्याला चहा पाजलाय, आता मी काय सांगू? मला एवढा राग आला त्या माणसाचा. यास्मिननं स्वतः त्या मुलाला फोन केला, वरीसभर थांबाल का म्हणून. त्यानं सरळ सांगितलं, मला जावंच लागंल, आन् एकट्याला पाठवायला घरचे तयार न्हाईत. झालं. स्थळ मोडलं. मी काही दिवस पोरीशी बोललेच न्हाई, ताट वाढायची आन् बाजूला व्हायची. ती तशीच जेवायची, ताट धुवायची, आन् जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवायची. तेवढंच.

मग ऑर्डर आली. दौंड तालुका, भीमेच्या कडंचं गाव, सगळा ऊस. सरकारी दवाखाना गावाच्या टोकाला, मागं डॉक्टरचं क्वार्टर, आन् क्वार्टरच्या मागं लगेच ऊस. आन् तिथं बिबट्या. तुम्हाला शिरूर-दौंडचं सांगायला नको, आमच्याकडं उसात आता ससे कमी आन् बिबटे जास्त. दुसऱ्याच दिवशी सिस्टरनं तिला सांगितलं की मॅडम, अंधार पडला की दार उघडू नका. यास्मिननं मला गंमत म्हणून फोनवर सांगितलं. मी अबोला सोडला, गाठोडं बांधलं, सलीमच्या टेम्पोत एक चांगली जाड गादी टाकली आन् गेले तिच्याकडं राहायला. रुसायचं तर रुसायचं, पण बिबट्याच्या तोंडी द्यायचं का पोरीला?

सकाळी ती दवाखान्यात गेली की मला क्वार्टरमधी करमायचं न्हाई. मी जाऊन पेशंटच्या बाकड्यावर बसायची, पदर डोक्यावरनं घेऊन, कोणाला माहीत न्हाई मी कोण. तिथं एक म्हातारा यायचा, सगळे त्यांना आबा म्हणायचे, चांगली बागायत असलेला माणूस, गुडघे दुखायचे त्यांचे. ते माझ्या शेजारी बसले आन् स्वतःशीच बोलल्यासारखं बोलायला लागले. म्हणले इतक्या दिवसांनी डॉक्टर दिसला बाई या खुर्चीत. इमारत बांधली, पाटी लावली, औषधं येत्यात, सिस्टर बिचारी असती, पण डॉक्टर न्हाई. आमच्या पैशावर शिकत्यात आन् शहरात पळत्यात. मागल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीवरच्या गड्याला साप चावला, इथं आणला तर खुर्ची मोकळी, दौंडला न्यायला जीप काढली, वाटंतच गेला. पोरगं असं धडधाकट होतं. मग माझ्याकडं बघून म्हणले, ही पोरगी किती दिवस टिकती बघू. मी म्हणलं, टिकंल. ते म्हणले, तुम्हाला काय माहीत? मी नुसती उठून आत पाणी प्यायला गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुपारची वेळ होती. पेशंट संपले होते, मी भाकरी झाकून ठेवली होती. तेवढ्यात मोटारसायकलवर मधी बसवून एका बाईला आणलं. मंदा तिचं नाव, उसात खुरपत होती, घोणस चावली पायाला. पाय बघता बघता सुजत चाललेला, नवरा नुसता म्हणत होता काय तरी करा, काय तरी करा, आन् तिची लहान पोरगी मोटारसायकलपाशीच उभी, आत यायला घाबरत होती. मी पोरीला जवळ घेतलं आन् दारातनं बघत राहिले.

आपलीच पोरगी, पण मी तिला तशी कधी बघितली न्हवती. घरात कपाट उघडं टाकणारी, चहाचा कप प्याली तिथंच टाकणारी, ती तिथं एकेका शब्दात बोलत होती. सिस्टरला सांगितलं हे काढा, ते काढा. मंदाच्या हातातनं रक्त घेतलं, काचंच्या नळीत घातलं आन् नळी टेबलावर उभी करून ठेवली. हलवायची न्हाई कोणी म्हणली. मला वाटलं ही नळीकडं काय बघत बसली, बाईकडं बघ की. नंतर तिनं मला सांगितलं, त्या नळीत रक्त गोठलं तर ठीक, न्हाई गोठलं तर इख चढलंय. घड्याळाकडं बघून तिनं नळी उचलून तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. मंदाचा नवरा मटकन खाली बसला. यास्मिन म्हणली दादा, उठा, औषध हाय आपल्याकडं, मी हाय, उठा. आन् सापाचं औषध सलाईनमधनं चालू केलं. त्या औषधानंच मंदाला थंडी वाजायला लागली, अंगावर गांधी उठल्या, ही तिच्या उशाशीच, एक इंजेक्शन दे, नाडी बघ, परत औषध चालू. ॲम्ब्युलन्स आली तवा सिस्टर म्हणली मॅडम, पाठवून देऊ, दौंडला बघतील. ही म्हणली वाटंत परत रिॲक्शन आली तर कोण बघणार, आन् तशीच चढली मागं.

ती गेली आन् मी त्या लहान पोरीला क्वार्टरवर आणून भाकरी खाऊ घातली. पोरगी विचारत होती, माझी आई मेली का? मी म्हणलं न्हाई गं बाई, डॉक्टर हाय तिच्याबरोबर. म्हणले मी असं, आन् म्हणता म्हणता मला एकदम हुंदका आला. कारण मी तर तिला पाठवतच न्हवते इथं. मी तर तिला विमानात बसवून लांब धाडायला निघाले होते.

यास्मिन दिवस मावळायच्या टायमाला परत आली, ओढणीला रक्त, सकाळपासनं उपाशी. दारातच म्हणली, अम्मी, वाचली. मी तिचं तोंड धुतलं, लहानपणी धुवायची तसं. म्हणलं, तुझ्या अब्बाला फोन कर. ती म्हणली जेवू तर दे. काही दिवसांनी मंदा दौंडच्या दवाखान्यातनं आपल्या पायानं घरी आली, थोडी लंगडती अजून, पण खुरपायला जाती.

महिन्याभरानं मालक आले गावाला. आल्या आल्या बाकड्यावर जाऊन बसले आन् सुरू, ही माझी पोरगी, तुमच्या पैशावर शिकली. मी कपाळाला हात लावला. शेजारी नेमके आबा. आबांनी त्यांना वरपासनं खालपर्यंत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, म्हणले म्हंजी तुम्ही हिची आई? आन् इतके दिवस माझं सगळं ऐकून घेतलं? मी म्हणलं, खरंच बोलत होता तुम्ही. मग आबा मालकांना म्हणले, माझ्या पैशावर शिकली म्हणता ना, मग सांगा तिला, गोळी बदलून दे म्हणावं, ह्या गोळीनं गुडघा दुखायचा राहीना. सगळं बाकडं हसलं. त्या दिवसापासनं त्या दोघांचं असं जमलं की आबा शिरूरला मार्केट यार्डात आले की आमच्याकडंच जेवायला.

वरीस संपलं तरी ती लगेच निघाली न्हाई, दुसरा डॉक्टर मिळंपर्यंत थांबली. मग पुढची परीक्षा देऊन परत सरकारीच कॉलेजला लागली, बाळंतपणाची डॉक्टर व्हायला. त्यालाबी शेवटी बाँड हाय, परत एक वरीस. मी म्हणलं, बाई, तू जन्मभर फेडतच राहणार का? ती म्हणली फेडणं म्हणू नकोस, नोकरी म्हण. लग्नाचं म्हणाल तर बघतोय आम्ही. तिच्याबरोबर शिकणारा एक मुलगा हाय, लातूरकडचा, त्याचं नाव ती फोनवर जरा जास्तच घ्यायला लागलीय. मी इचारत न्हाई, सांगंल ती. पुण्याच्या त्या मुलाचं झालं लग्न, त्याच्या आईचा फोन आला होता, चांगली बोलली. मनात कधी कधी येतं, न्हाई असं न्हाई. विमानाचा आवाज आला की वर बघते मी. पण मग म्हणते, जे झालं ते बरं झालं.

मालकांचा खोकला वाढलाय, सलीम त्यांना मशीनवर बसू देत न्हाई, ते दारात खुर्ची टाकून बसत्यात. मी अधनंमधनं अजून त्या गावाला जाते. यास्मिनच्या जागंवर एक पोरगा आलाय, पार गोंदियाकडचा, चोविशीतला असंल, लाजाळू. सिस्टरचा फोन आला होता, अम्मी, हे नवे डॉक्टर नुसती बिस्किटं खात्यात. मग काय, डबा घेऊन गेले. जेवला पोरगा, मान खाली घालून जेवला, आन् त्याच्या आईचा फोन आला तवा त्यानं फोन माझ्याच हातात दिला. तिकडनं ती बाई रडवेल्या आवाजात इचारती, गाव कसं हो ते, माझ्या पोराचं नीट होईल ना? मी म्हणलं बाई, गाव चांगलं हाय, माणसं तोंडानं जरा फटकळ हायत पण चांगली हायत. पाणी तेवढं जड हाय, उकळून प्यायला सांगा. बाकी मी हाय. अल्ला तुमच्या पोराला सुखी ठेवो.